चौ एन-लाय : घावाचा हिशेब

स्वतःच्या सरहद्दीत घडलेल्या गुन्ह्याचा तपास सरकारला आपल्या पोलिसांकरवी करता येतो. परंतु परक्या भूमीवर आपल्या वकिलातीवर जमाव चालून गेला, आपल्या प्रतिनिधींचे विमान पाडले गेले किंवा आपल्या वंशाच्या व्यापाऱ्यांची दुकाने लुटली गेली, तर सरकारच्या हाती ना पोलीस असतात, ना न्यायालय. घरी लोक संतापलेले असतात, वृत्तपत्रे बदल्याची भाषा बोलत असतात आणि ज्या देशात हा प्रकार घडला तेथील सरकार कधी हतबल, कधी उदासीन, तर कधी आतून सामील असते. अशा वेळी निषेधाचा खलिता धाडून स्वस्थ बसणे ही एक रीत. आरमार धाडणे ही दुसरी. १८५० साली ब्रिटनच्या पामर्स्टनने डॉन पॅसिफिको नावाच्या एका व्यापाऱ्याच्या नुकसानभरपाईसाठी ग्रीसच्या बंदरांची नाकेबंदी केली, ती या दुसऱ्या रीतीचे प्रसिद्ध उदाहरण होय. पण ज्या देशाजवळ तसे आरमार नाही, आणि ज्याला गप्प बसणेही परवडणारे नाही, त्याने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकात ज्यांनी सर्वांत विचारपूर्वक दिले, त्यांत चीनचे पहिले पंतप्रधान चौ एन-लाय यांची गणना करावी लागेल. त्या उत्तरात जसे शिकण्यासारखे आहे तसे बोचणारेही आहे. आणि आपला त्याच्याशी संबंध आहे तो केवळ शेजारी म्हणून नाही.

चौ यांचा जन्म ५ मार्च १८९८ रोजी किआंगसू प्रांतातील हुआइ-आन येथे झाला. घराणे जुन्या सरकारी अंमलदारांचे, पण उतरती कळा लागलेले. लहानपणीच ते चुलत्याला दत्तक गेले, आणि दहा वर्षांचे होण्याच्या सुमारास दोन्ही मातांना पारखे झाले. पुढे मुकडेनमध्ये व नंतर तिएनत्सिनच्या नानकाइ विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. १९१७ ते १९१९ अशी दोन वर्षे त्यांनी जपानमध्ये काढली. परत आल्यावर विद्यार्थी चळवळीत भाग घेतल्याबद्दल १९२० मध्ये काही महिने तुरुंगवास भोगला आणि त्याच वर्षी ते फ्रान्सला गेले. तेथेच ते कम्युनिस्ट झाले. १९२४ मध्ये मायदेशी परतल्यावर व्हाम्पोआच्या लष्करी विद्यालयात त्यांनी राजकीय विभाग सांभाळला. त्या विद्यालयाचे प्रमुख होते चँग कै-शेक.

याच चँग यांनी एप्रिल १९२७ मध्ये शांघायमध्ये कम्युनिस्टांची कत्तल घडवून आणली. चौ कसेबसे निसटले, आणि त्यानंतरची काही वर्षे त्यांनी भूमिगत राहून पक्षाचे गुप्तहेर खाते उभारले. या काळातील एक गोष्ट त्यांच्या चाहत्यांनाही टाळता येत नाही. १९३१ मध्ये या खात्यातील एक प्रमुख हस्तक कू शुन-चांग शत्रूला जाऊन मिळाला, तेव्हा त्याच्या कुटुंबातील माणसांना ठार मारण्यात आले, आणि ते चौ यांच्या संमतीने. मृदुभाषी, सुसंस्कृत आणि समोरच्याला जिंकून घेणारा हा माणूस आवश्यक वाटेल तेथे किती निष्ठुर होऊ शकत असे, हे पुढील हकीगत वाचताना ध्यानात ठेवले पाहिजे.

पण या निष्ठुरपणात सूडबुद्धी नव्हती. डिसेंबर १९३६ मध्ये सीआन येथे चँग कै-शेक यांना त्यांच्याच सेनापतींनी कैद केले. शांघायच्या कत्तलीचा सूत्रधार आयता हाती सापडला होता. त्याला संपवावे असे वाटणारे कम्युनिस्ट थोडे नव्हते. वाटाघाटींसाठी सीआनला गेलेल्या चौ यांनी मात्र त्यांच्या सुटकेच्या बाजूने आपले वजन खर्च केले. चँग मेले तर चीनमध्ये यादवी माजेल आणि फायदा होईल तो जपानचा. चँग जगले आणि जपानशी लढले तर कम्युनिस्टांना श्वास घ्यायला अवसर मिळेल, असा तो हिशेब होता. मॉस्कोचा सल्लाही तोच होता. दोन आठवड्यांच्या आत चँग सुटले. झालेल्या आघाताकडे पाहण्याची चौ यांची पद्धत येथे प्रथम स्पष्ट दिसते. घाव कोणी घातला याहून त्या घावातून आता काय निष्पन्न होऊ शकते, याकडे त्यांची नजर असे.

१९४९ मध्ये चीनमध्ये कम्युनिस्ट राजवट आली आणि चौ पंतप्रधान व परराष्ट्रमंत्री झाले. परराष्ट्र खाते त्यांनी १९५८ पर्यंत स्वतःकडे ठेवले, पंतप्रधानपद अखेरपर्यंत. नव्या चीनची अवस्था बिकट होती. संयुक्त राष्ट्रसंघात चीनची जागा तैवानच्या चँग सरकारकडे होती. कोरियाच्या युद्धानंतर अमेरिकेचे वैर पक्के झाले होते. १९५४ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत चौ यांनी आपले कसब दाखवले आणि त्याच वर्षी जूनमध्ये दिल्लीला येऊन पंचशीलाची ग्वाही दिली. तरीही थायलंड, फिलिपीन्स, पाकिस्तान हे आशियाई देश अमेरिकाप्रणीत सीटो करारात सामील झालेच. त्यातच आग्नेय आशियात लाखो चिनी वंशाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. ते पेकिंगचे पंचमस्तंभी आहेत, असा संशय तेथील सरकारांना होता. एप्रिल १९५५ मध्ये इंडोनेशियातील बांडुंग येथे २९ आशियाई-आफ्रिकी देशांची परिषद भरणार होती. या संशयाला उत्तर देण्याची चौ यांना ती पहिलीच मोठी संधी होती, आणि चौ तेथे पोहोचू नयेत अशी तैवानची इच्छा असणे स्वाभाविक होते.

चिनी शिष्टमंडळासाठी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे विमान भाड्याने घेण्यात आले होते. ११ एप्रिल १९५५ रोजी हाँगकाँगच्या काइ ताक विमानतळावर थोडा वेळ थांबून ते जाकार्ताकडे निघाले. विमानात ११ प्रवासी होते. त्यांत चिनी प्रतिनिधी व पत्रकार यांच्याखेरीज एक व्हिएतनामी प्रतिनिधी आणि पोलंड व ऑस्ट्रियाचे पत्रकार होते. कर्मचारी ८ होते, आणि त्यांचे कप्तान होते दामोदर काशिनाथ जठार. सुमारे पाच तासांनी, विमान १८ हजार फुटांवर असताना, उजव्या बाजूच्या चाकांच्या कप्प्यात स्फोट झाला. पंखाला आग लागली, धूर आत शिरला. जठार यांनी शेवटपर्यंत विमानावर ताबा ठेवून ते समुद्राकडे उतरवले. संकटाचा संदेश आणि ठिकाण प्रसारित होत राहिले. हवाई सेविका ग्लोरिया बेरी यांनी प्रवाशांना जीवरक्षक जाकिटे वाटली. नातुना बेटांजवळ विमान पाण्यावर आदळून फुटले. १९ पैकी १६ जण मृत्युमुखी पडले. सहवैमानिक दीक्षित, मार्गदर्शक पाठक आणि देखभाल अभियंता अनंत कर्णिक हे तिघे कित्येक तास पाण्यात काढून वाचले. जठार, बेरी आणि हे तिघे यांना भारत सरकारने पुढे अशोक चक्र देऊन गौरवले; हा सन्मान मिळवणारे ते पहिले मुलकी नागरिक होत. मुंबईच्या जुन्या पिढीला जठार आणि कर्णिक ही नावे दीर्घकाळ आठवत होती, ती यामुळे.

चौ विमानात नव्हते. पोटाच्या शस्त्रक्रियेमुळे त्यांचा कार्यक्रम लांबला होता, असे सांगण्यात आले. ते तीन दिवसांनी रंगूनला गेले, तेथे नेहरू व ऊ नू यांना भेटले आणि मग बांडुंगला पोहोचले.

आता चौ यांनी या घाताला कसे उत्तर दिले ते पाहू. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी पेकिंगने अमेरिका व चँग यांच्या हस्तकांवर जाहीर आरोप केला आणि ब्रिटनला जबाबदार धरले. कारण हाँगकाँगमधील चँगच्या हस्तकांकडून त्रास होण्याचा संभव आहे, असे पेकिंगमधील ब्रिटिश प्रतिनिधीला आदल्या दिवशीच कळवण्यात आले होते. त्या इशाऱ्यात घातपाताचा कितपत स्पष्ट उल्लेख होता, याबद्दल दोन्ही बाजूंचे कधीच एकमत झाले नाही. पण जाहीर शब्द जितके कठोर होते तितकीच प्रत्यक्ष हालचाल संयत होती. ब्रिटनशी संबंध तोडण्यात आले नाहीत, हाँगकाँगच्या सीमेवर सैन्य हलले नाही. उलट, ब्रिटिश पोलिसांना उपयोगी पडेल अशी माहिती देण्याची तयारी चौ यांनी दाखवली. विमान भारताचे, ते पडले इंडोनेशियाच्या समुद्रात, घातपात झाला ब्रिटिश वसाहतीत आणि लक्ष्य होते चीनचे. चार सरकारांचा तपास एकमेकांशी जोडला जाणे आवश्यक होते. त्यासाठी नेहरूंनी गुप्तवार्ता विभागातील रामेश्वरनाथ काव या तरुण अधिकाऱ्याला पाठवले. हेच काव पुढे १९६८ मध्ये ‘रॉ’चे पहिले प्रमुख झाले. चौ यांनी त्यांची स्वतः भेट घेऊन प्रकरणाचा बारकाईने विचार केला.

मेच्या अखेरीस इंडोनेशियाच्या चौकशी मंडळाने निष्कर्ष काढला की विमानात कालबाँब ठेवण्यात आला होता आणि त्याचा स्फोटक भाग अमेरिकन बनावटीचा होता. हाँगकाँग पोलिसांचा संशय विमानतळावरील एका सफाई कामगारावर स्थिरावला. पण तोवर, १८ मे रोजी, तो विमानाने तैवानला पळून गेला होता. ज्या विमान कंपनीच्या विमानातून तो गेला तिची मालकी गुप्तपणे अमेरिकेच्या सीआयएकडे होती, हे पुढे उघड झाले. मात्र या घातपातात अमेरिकेचा प्रत्यक्ष हात असल्याचे सिद्ध झालेले नाही. तैवानने आरोपीला हवाली करण्यास नकार दिला. अपराध्याला शासन झाले नाही, ते नाहीच.

म्हणजे न्यायाच्या दृष्टीने चौ हरले. परंतु राजकारणाच्या दृष्टीने? हाँगकाँगमधील चँगच्या हेरांचे जाळे ब्रिटिशांनी उखडून काढले. अनेकांना अटक झाली, हद्दपार करण्यात आले. चीनच्या सैन्याला न साधणारी गोष्ट ब्रिटिश पोलिसांनी केली. त्याहून महत्त्वाचे घडले ते बांडुंगमध्ये. आपल्या सहकाऱ्यांच्या मृत्यूनंतर अवघ्या आठवडाभरात चौ सभागृहात उभे होते. इराक, फिलिपीन्स आदी देशांच्या प्रतिनिधींनी कम्युनिझमवर टीकेची झोड उठवली होती. चौ संतापाने बोलतील अशी अपेक्षा होती. त्यांनी तयार भाषण केवळ वाटले आणि १९ एप्रिलला थोडक्यात बोलताना, आपण भांडण्यासाठी नव्हे तर समान भूमी शोधण्यासाठी आलो आहोत, अशी भूमिका मांडली. विमानातील मृतांचे भांडवल त्यांनी केले नाही. तसे करण्याची गरजही नव्हती. सभागृहातील प्रत्येकाला ते ठाऊक होते. २३ एप्रिलला त्यांनी तैवानच्या परिसरातील तणावाबाबत अमेरिकेशी बोलणी करण्याची तयारी जाहीर केली. त्यातूनच १ ऑगस्ट १९५५ पासून जिनिव्हात चीन व अमेरिका यांच्या राजदूतांची बोलणी सुरू झाली. ती पुढे वॉर्साला हलली आणि १९७० पर्यंत त्यांच्या १३६ बैठका झाल्या. चीनला एकाकी पाडणे हा घातपात करणाऱ्यांचा उद्देश होता. चौ यांनी त्यांना हवी असलेली एकच गोष्ट दिली नाही, आणि ती म्हणजे त्यांचा उद्देश साध्य होणे.

येथे प्रशंसेला लगाम घालणे भाग आहे. ब्रिटिश कागदपत्रे अभ्यासून इतिहासकार स्टीव्ह त्सांग यांनी १९९४ मध्ये असे प्रतिपादन केले की, कटाचा सुगावा चौ यांना अगोदर लागला होता आणि तरीही विमान उडू देण्यात आले. आदल्या दिवशीचा इशारा लक्षात घेता चीनला काहीतरी कुणकुण लागली होती, हे नाकारता येत नाही. नेमके किती कळले होते, हा वादाचा विषय आहे. परंतु धोक्याची शंका असताना पंतप्रधानाने आपला मार्ग बदलावा आणि कनिष्ठ सहकाऱ्यांनी ठरलेल्या विमानात बसावे, ही गोष्ट मनाला अस्वस्थ करते. चिनी प्रतिनिधी निदान आपल्या पक्षाचे शिपाई होते. जठार आणि त्यांचे सहकारी कोणाच्याच लढाईतले नव्हते. ते आपली नोकरी करीत होते. मुत्सद्देगिरीच्या हिशेबवहीत अशा माणसांची नोंद कोणत्या बाजूला करायची, हा प्रश्न चौ यांच्या चरित्रकाराला चुकवता येणार नाही. कू शुन-चांगच्या घरच्यांचे स्मरण येथे आपोआप होते.

तथापि, चौ यांच्या कार्यातील सर्वांत टिकाऊ भाग वेगळाच आहे, आणि त्याकडे सहसा दुर्लक्ष होते. परदेशातील आपल्या माणसांवर हल्ले का होतात, या प्रश्नाच्या मुळाशी ते गेले. चिनी बापाचे मूल जगात कोठेही जन्मले तरी ते चिनी नागरिकच, असे जुना चिनी कायदा मानीत असे. त्यामुळे इंडोनेशियात तीन पिढ्या राहिलेल्या दुकानदाराची निष्ठा कोणाकडे, हा प्रश्न कायमचा लोंबकळत राही आणि दंगलीत त्याचेच दुकान प्रथम जळे. २२ एप्रिल १९५५ रोजी, बांडुंग परिषद चालू असतानाच, इंडोनेशियाशी दुहेरी नागरिकत्वासंबंधीचा करार झाला. दोन्ही नागरिकत्वे असलेल्यांनी दोन वर्षांत एकाची निवड करावी, आणि जे इंडोनेशियाचे होतील त्यांच्यावरचा हक्क चीनने सोडावा, असे त्यात ठरले. लाखो लोकांवरचा हक्क स्वखुशीने सोडणारे सरकार विरळाच. आपल्या माणसांचे रक्षण करण्यासाठी काही वेळा त्यांना आपले म्हणणे थांबवावे लागते, हे चौ यांनी ओळखले होते.

करारानेही सर्व संकटे टळली नाहीत. १९५९ मध्ये इंडोनेशियाने ग्रामीण भागातील परकीयांच्या किरकोळ व्यापारावर बंदी घातली आणि हजारो चिनी कुटुंबे उघड्यावर पडली. चीनने तीव्र निषेध केला. पण अखेर जहाजे पाठवून १९६० मध्ये लाखाच्या आसपास लोकांना परत नेले आणि वाद वाढवला नाही. १९६५ नंतरच्या रक्तपातात मात्र हे सारे वाहून गेले. जाकार्तातील चिनी वकिलातीवर हल्ले झाले आणि १९६७ मध्ये संबंध गोठले. ते पूर्ववत झाले १९९० मध्ये, चौ यांच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी.

भारतीय वाचकाच्या मनात एव्हाना एक प्रश्न उभा राहिला असेल. इतरांच्या संशयाचे निराकरण करण्यासाठी एवढी धडपड करणारा हा मुत्सद्दी भारताच्या बाबतीत असा का वागला? २१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमध्ये भारताचे दहा पोलीस चिनी गोळ्यांना बळी पडले. तो दिवस आपण आजही पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळतो. एप्रिल १९६० मध्ये चौ दिल्लीला आले, दीर्घ चर्चा झाल्या आणि रिकाम्या हाताने परतले. ऑक्टोबर १९६२ मध्ये युद्ध झाले. ज्या नेहरूंनी त्यांना बांडुंगमध्ये आशियाशी परिचित करून दिले आणि ‘काश्मीर प्रिन्सेस’च्या तपासासाठी आपला अधिकारी दिला, त्या नेहरूंचे अखेरचे दिवस या युद्धाने काळवंडले. यात चौ यांचा वाटा किती आणि माओंचा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. पण चौ कधीही माओंच्या विरोधात उभे राहिले नाहीत, हे निश्चित. त्यांची कुशलता नेहमी धन्याने ठरवलेल्या रिंगणातच फिरत राहिली.

ते रिंगण किती अरुंद होऊ शकते ते १९६७ मध्ये दिसले. सांस्कृतिक क्रांतीच्या उन्मादात घाले घालणारा देश स्वतः चीनच झाला. जूनमध्ये हेरगिरीचा आरोप ठेवून दोन भारतीय मुत्सद्द्यांना पेकिंगच्या विमानतळावर मारहाण करण्यात आली. त्यांपैकी कृष्णन रघुनाथ पुढे भारताचे परराष्ट्र सचिव झाले. त्याची प्रतिक्रिया म्हणून १६ जून रोजी दिल्लीत जमाव चिनी वकिलातीत घुसला आणि तेथील काही कर्मचारी जखमी झाले. त्याच महिन्यात रंगूनमध्ये माओंच्या बिल्ल्यांवरून दंगल उसळली. चिनी वंशाच्या अनेकांचे प्राण गेले आणि २८ जूनला वकिलातीत शिरलेल्या हल्लेखोरांनी एका चिनी तज्ज्ञाला ठार केले. २२ ऑगस्टला रेड गार्डांनी पेकिंगमधील ब्रिटिश कचेरी जाळली. बारा वर्षांपूर्वी ब्रिटनला परकीय प्रतिनिधींच्या संरक्षणाच्या कर्तव्याची आठवण देणाऱ्या पंतप्रधानाच्या राजधानीत हे घडत होते.

या घटनेनंतर चौ यांनी माओंची संमती मिळवून परराष्ट्र खात्यात धुमाकूळ घालणाऱ्यांच्या एका पुढाऱ्याला अटकेत टाकवले. त्यानंतर तुटलेले धागे जोडण्याचे काम त्यांनी चिकाटीने केले. १९७१ मध्ये त्यांनी ब्रिटिश प्रतिनिधीजवळ कचेरीच्या जाळपोळीबद्दल खेद व्यक्त केला. पुनर्बांधणीचा खर्च चीनने सोसला, आणि मार्च १९७२ मध्ये दोन्ही देशांनी पूर्ण दर्जाचे राजदूत नेमले. ब्रह्मदेशाचे ने विन यांचे ऑगस्ट १९७१ मध्ये पेकिंगला स्वागत झाले. मात्र ब्रह्मी कम्युनिस्ट बंडखोरांना चीनची मदत त्याच वेळी चालूच होती, हेही सांगितले पाहिजे. भारताशी तुटलेला धागा मात्र त्यांच्या हयातीत पुरता जोडला गेला नाही. राजदूतांची पुन्हा नेमणूक झाली ती १९७६ मध्ये, आणि ८ जानेवारी १९७६ रोजी चौ कर्करोगाने निधन पावले होते.

चौ यांच्या आयुष्याकडे पाहून मुत्सद्द्यांचा आदर्श रंगवणे सोपे आहे, तसाच खलपुरुष रंगवणेही. त्यांच्या पद्धतीचा सांगाडा मात्र कोणत्याही मध्यम सामर्थ्याच्या देशाने अभ्यासावा असा आहे. जाहीर निषेध कडक ठेवावा, पण दार बंद करू नये. ज्याच्या भूमीवर घाला पडला त्या सरकारला आरोपी न करता तपासातील भागीदार करावे. हल्लेखोराला काय हवे होते ते ओळखून नेमके तेच नाकारावे. हल्ल्याला निमित्त देणारा आपला एखादा कायदा वा हट्ट असेल, तर तो तपासून पाहावा. आणि आपल्या राजधानीतील परक्यांच्या दाराशी पहारा ठेवावा. कारण तो अधिकार गमावलेल्या देशाच्या निषेधपत्राला वजन राहत नाही. या यादीत चौ यांनी स्वतः न पाळलेले एक कलम जोडले पाहिजे. धोका ठाऊक असेल तर तो ज्यांच्या वाट्याला जाणार आहे त्यांना सांगितला पाहिजे, मग ते मंत्री असोत वा विमानाचे कर्मचारी. राष्ट्राचे परदेशातील हितसंबंध म्हणून ज्याचा आपण उल्लेख करतो, त्यात शेवटी माणसेच असतात.